द्वारपाल

एकेचाळीस वर्षं मी द्वारपाल होतो
आणि दार कधीच नव्हतं.

तांडापेठेतलं पांजणीचं मैदान.
दिवसा तिथे ताणे वाळायचे,
तांदळाच्या खळीचा आंबूस वास,
बायांच्या हातात कुंचे.
माघाच्या पुनवेला सूत उचललं की
त्याच जागेवर राजा शिकारीहून परतायचा.
दोन बांबू रोवले की राजवाडा.
लिंबापलीकडे अरण्य.
पानठेल्याजवळ स्वर्ग,
कारण देवांना तिथे उधारीवर विडा मिळायचा.

मंडळी देवपुजारी मास्तरांनी जमवली.
साल कोणी बावन्न म्हणतं, कोणी चौपन्न;
पहिल्या वहीला वाळवी लागली
म्हणून ते भांडण अजून चालू आहे.
रात्रशाळेत सही शिकायला आलेल्या विणकरांना
मास्तरांनी थेट नांदी म्हणायला लावली.
महालातल्या शहाण्यांनी विचारलं,
"मागावरच्यांची जीभ संस्कृताला वळेल?"
मास्तर म्हणाले, "धोटा वळतो की."

शास्त्राप्रमाणे राजा संस्कृतात बोलतो,
चाकर प्राकृतात.
प्राकृत मास्तरांनाही जड जायचं,
मला म्हणाले, "तू आपलं घरचंच बोल."
झिबलजी हेडाऊ मुकुट सावरत हाक मारायचे,
कः कोऽत्र भोः?
आणि मी,
"बाहीर एक बुवा आला जी महाराज,
लय तापून हाये."
मैदान हसायचं, आणि मधेच थांबायचं.
बुवाचा राग कोणावर निघणार
हे पुढे बसलेल्या पोट्ट्यांनाही ठाऊक असायचं.

कदीरमियाँची गॅसबत्ती नाटकाची, म्हणजे सगळ्यांची.
एकदा दुसऱ्या अंकात ती उचलून नेली
यमुनाबाई पराते अडली होती म्हणून.
राजा-राणीनं अंधारातच एकमेकांची समजूत घातली;
मुलगी झाल्याचा निरोप आला
तेव्हा टाळ्या कोणाला पडल्या कळलं नाही.
मंडळीची सतरंजी मयतीला जायची,
पेटीतली चिल्लर कोणाच्या तरी फीला.
गिरणी बंद पडली त्या साली
राजाचा जरीचा शेला गहाण गेला
आणि झिबलजींनी दुपट्ट्यावर राज्य केलं.
कोणाला खटकलं नाही.
जर कोण विणतं, आम्हाला माहीत होतं.

दार नव्हतं म्हणून कोणी अडलं नाही.
कुत्री आली. वरात आली,
नवरदेव घोड्यावरून उतरून
अख्खा तिसरा अंक बघून गेला.
मी भाल्याला टेकून उभा असायचो,
एवढंच.

मागल्या वर्षी मैदानाला फाटक बसलं.
हिरवं, लोखंडी, वर टोकं.
वेळ सकाळी सहा ते नऊ.
आत गुळगुळीत फरशीचा गोल रस्ता,
लिंबाभोवती ओटा,
आणि दारावर रामटेककडचा एक पोरगा, सयाम.
पुनवेला आम्ही उरलेले नऊ जण पोचलो,
मुकुट पिशवीत.
"काका, परमिशन?"
नव्हती.
मी त्याच्याकडे बघत राहिलो.
काठी, टोपी, आणि या पायावरचं वजन
त्या पायावर टाकत राहायची सवय.
म्हटलं, "गुडघा जरा सैल सोड बाप्पा,
टाच टेकव. रात्र निभते."
एकेचाळीस वर्षांत कमावलेली माझी ही विद्या.

मग आम्ही फुटपाथवरच सुरू केलं.
ई-रिक्षा थांबल्या, एक दूधवाला थांबला.
भगवी कफनी घातलेला आमचा बुवा
आपल्या पाळीची वाट बघत
फाटकाच्या गजांपाशी उभा.
झिबलजींचा नातू आता राजा. त्यानं हाक दिली,
कः कोऽत्र भोः?
माझी पाळी, आणि मला खोकल्याची उबळ.
त्यानं पुन्हा हाक दिली.
मी हात वर केला, थांब म्हणून.
रस्ता गप्प.

गजांच्या आतून आवाज आला,
थोडा घाबरलेला,
"साहेब, इथं एक बुवा हाये.
सोडू का?"